तलावाकाठची पवई : एका करारातून घडलेलं उपनगर

१९ नोव्हेंबर १९८६ रोजी महाराष्ट्र शासन, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि पवईतले जमीनमालक व विकासक यांच्यात एक त्रिपक्षीय करार झाला. जमीन साधारण २३० एकर, भाडेपट्टा ८० वर्षांचा आणि दर एकरी ४० पैसे. गुणाकार केला तर ९२ रुपये होतात. मुंबईसारख्या शहरात हा दर कुणी उगाच लावत नाही. त्याच्या बदल्यात काय बांधायचं, तेही करारात लिहिलेलं होतं. निम्मे फ्लॅट ४० चौरस मीटरचे आणि निम्मे ८० चौरस मीटरचे, म्हणजे साधारण ४३० आणि ८६० चौरस फूट. शिवाय १५ टक्के घरं चौरस फुटाला १३५ रुपये दरानं शासनाला द्यायची. त्या भावानं चाळीस मीटरचं घर ५८ हजारांच्या आसपास पडलं असतं.

आज त्याच जमिनीवर हिरानंदानी गार्डन्स हे निवासी संकुल उभं आहे. रोमन खांब, घुमट, कमानी असलेले उंच मनोरे, रुंद पदपथ, रांगेत लावलेली झाडं, आणि कोट्यवधींत विकली जाणारी घरं. पवईची ओळख सांगणारं लेखन बहुतेक इथूनच सुरू होतं आणि इथंच संपतं. मला त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सांगायचं आहे. करारात लिहिलेली छोटी घरं ठरल्याप्रमाणे आणि ठरल्या वेळी उभी राहिली नाहीत, या एका गोष्टीचे धागे पवईच्या वस्त्यांपर्यंत आणि तलावाच्या पाण्यापर्यंत जातात, असं माझं मत आहे. या प्रकरणाकडे अभ्यास म्हणून बघायचं कारण तेच.

आधी तलाव

पवईचा तलाव नैसर्गिक नाही. मुंबईला पाणी कमी पडू लागलं तेव्हा मिठी नदीच्या खोऱ्यातला एक ओढा अडवून तो बांधला. महापालिकेच्या नोंदीनुसार काम १८९० मध्ये पूर्ण झालं आणि खर्च सुमारे १२.५९ लाख रुपये आला. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौरस किलोमीटर, तलाव काठोकाठ भरला की पाण्याचा विस्तार २.२३ चौरस किलोमीटर आणि साठा ५४५ कोटी लीटर. त्याच्या आधी १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव झाले होते. पवईनंतर दोनच वर्षांनी, १८९२ मध्ये, तानसाचं पाणी शहरात आलं. तानसा पवईपेक्षा कितीतरी मोठा आणि पाणीही चांगलं. पवईच्या पाण्याचा दर्जा सुरुवातीपासूनच बेताचा होता. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा तलाव म्हणून बांधलेल्या पवईची गरज जवळजवळ बांधून होताहोताच संपली. आज हे पाणी पिण्यायोग्य धरलं जात नाही. औद्योगिक वापराला आणि आरे दुग्ध वसाहतीला ते जातं.

इथं शेजारच्या विहारकडे बघायला हवं. दोन्ही तलाव त्याच डोंगररांगेच्या कुशीत आहेत, पाऊस तोच आणि अंतर तर काहीच नाही. पण विहारचं पाणी आजही मुंबईकर पितात. तो राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे आणि तिथं सहजासहजी कुणाला जाता येत नाही. पवईचा काठ मात्र मोकळा राहिला. ज्याचं पाणी कुणाच्या नळाला येत नाही त्या तलावाची राखण करायला कुठलंच खातं अंग मोडून उभं राहिलं नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत पवईच्या काठावर जे जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

काठाभोवतीची जमीनही जुन्या काळापासून एकगठ्ठा होती. एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीनं पवईची इस्टेट फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याला दिली होती. तिरंदाज, कोपरी, पासपोली अशी गावं त्या परिसरात होती. तिरंदाजचं नाव आजही पत्त्यांमध्ये आणि सातबाऱ्यावर टिकून आहे. उत्तरेला आरेच्या बाजूनं वारल्यांचे पाडे आहेत. ते या सगळ्यांच्या आधीपासूनचे रहिवासी आणि पवईच्या कुठल्याही कौतुकात ज्यांचा उल्लेख येत नाही असे.

स्वातंत्र्यानंतर इथं मोठ्या संख्येनं माणसं पहिल्यांदा आली ती कारखान्यासाठी. १९४८ मध्ये लार्सन अँड टुब्रोनं पवईत ५५ एकर जागा घेतली. तेव्हा ती दलदल आणि झाडी होती. दहा वर्षांनी आयआयटी आली. १९५८ च्या जुलैमध्ये पहिल्या शंभर विद्यार्थ्यांचे वर्ग वरळीच्या 'सस्मिरा' या वस्त्रोद्योग संशोधन संस्थेच्या इमारतीत भरले, आणि १० मार्च १९५९ रोजी पवईत पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसली. संस्थेला युनेस्कोच्या मार्फत सोव्हिएत संघाची मदत होती. साडेपाचशे एकरांच्या आसपासच्या या आवारामुळे तलावाची एक बाजू हिरवी राहिली. आवारात पद्मावती देवीचं देऊळ आहे, कधीकधी बिबट्याचा वावर असतो, आणि तलावात मगरी तर आहेतच. १९६३ मध्ये नीटी ही औद्योगिक अभियांत्रिकीची संस्था विहारच्या बाजूला आली. तीच आता आयआयएम मुंबई झाली आहे.

ऐंशीच्या दशकापर्यंतची पवई म्हणजे प्राध्यापकांच्या वसाहती, कारखान्याचे कामगार, गावठाण, पाडे आणि डोंगर फोडणाऱ्या खाणी. खाणींची धूळ आणि माती पावसाबरोबर तलावात उतरायची. हिरानंदानीच्या जागेचा काही भाग अशाच फोडलेल्या डोंगराचा होता. त्या उजाड जागेवर इतकं मोठं नियोजित उपनगर उभं करणं सोपं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

करार कशासाठी होता

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानुसार मुंबईत एका मालकाला ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवता येत नव्हती. त्यावरची जमीन शासनानं घ्यावी आणि सामान्यांच्या घरांसाठी वापरावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात सूट, अपील आणि खटले यांत ती जमीन अडकून पडे. पवईत तडजोड झाली. जमीन प्राधिकरणाकडे आणायची, नाममात्र भाडेपट्ट्यानं विकासासाठी परत द्यायची आणि मोबदल्यात मध्यमवर्गाला परवडतील अशी घरं बांधून घ्यायची. कल्पना म्हणून ती मला आजही चांगली वाटते. शासनाकडे बांधायला पैसा नव्हता, विकासकाकडे जमीन नव्हती, आणि घराचा आकार बांधून दिला की किंमत आपोआप आटोक्यात राहील असा हिशोब होता. चाळीस मीटरचं घर राजवाडा होऊ शकत नाही, हे गृहीत होतं.

चुकलं ते हेच गृहीतक. आकारावर बंधन होतं, पण बांधून झाल्यावर आकार तपासत राहण्याची व्यवस्था नव्हती. पुढे उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. त्यांतला आक्षेप साधारण असा होता : नकाशात छोटे दिसणारे शेजारशेजारचे फ्लॅट एकाच कुटुंबातल्या दोघातिघांच्या नावे विकले गेले आणि आत ते जोडून एक मोठं घर झालं. कागदावर दोन दारं आणि आत एकच दिवाणखाना. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं करारातल्या अटीचा भंग झाल्याचं म्हटलं आणि तीन हजारांहून अधिक छोटे फ्लॅट आधी बांधावेत, तोवर दुसरं बांधकाम करू नये, असा आदेश दिला. करार होऊन तेव्हा पंचवीस वर्षं उलटली होती. मधल्या काळात, २००७ च्या अखेरीस, राज्यानं कमाल धारणा कायदाच रद्द करण्याचा निर्णय घेतला होता.

पंचवीस वर्षं म्हणजे घर शोधणाऱ्या कुटुंबाची एक पूर्ण पिढी. ज्या लिपिकानं, शिक्षिकेनं, कारखान्यातल्या फोरमननं १९९० च्या सुमारास त्या घराची वाट बघितली असती, तो तोवर डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला जाऊन स्थिरावला आणि निवृत्तही झाला. आदेश आला तरी त्याला त्याचा काही उपयोग नव्हता. या प्रकरणात आदेशांपेक्षा, फायलींपेक्षा मला हा काळाचा हिशोब जास्त बोचतो.

उपनगर कसं आहे

हे सगळं सांगून झाल्यावरही हिरानंदानीतल्या रस्त्यानं चालताना एक गोष्ट कबूल करावी लागते. मुंबईत चालण्याचा आनंद इतका सहज फार थोड्या ठिकाणी मिळतो. वास्तुविशारद हफीज काँट्रॅक्टर यांनी दिलेला नवअभिजात चेहरा कुणाला आवडेल, कुणाला उसना वाटेल. मला स्वतःला कोकणाच्या पावसात ते ग्रीक-रोमन खांब परके वाटतात. पण पदपथ सलग आहेत, झाडांची सावली आहे, दुकानं, शाळा, दवाखाना पायी अंतरावर आहेत. म्हातारी माणसं संध्याकाळी एकटी फिरायला निघतात, मुलं सायकली चालवतात. शहर नियोजनाच्या पुस्तकात लिहिलेलं बरंच काही इथं खरोखर झालं. ते फक्त ज्यांच्यासाठी करायचं ठरलं होतं त्यांच्यासाठी झालं नाही.

इथला समाज पगारदार श्रीमंतांचा आहे. बँका, माहिती तंत्रज्ञान, सल्लागार कंपन्या, डॉक्टर, आणि आयआयटीच्या सान्निध्यामुळे वाढलेली नवउद्योजकांची मांदियाळी. तरुण मुलंमुली भाड्याच्या फ्लॅटमध्ये चौघं-पाचजण राहून कंपनी काढतात, असं चित्र इथं अनेक वर्षं आहे. भाषांचा मेळ मोठा आहे. बंगाली मंडळींचा दुर्गोत्सव आता सगळ्या पूर्व उपनगरातल्या लोकांना ओढून आणतो. गणपतीत मात्र पवईचा चेहरा बदलतो. तलावाच्या गणेश घाटावर विसर्जनाला भांडुप, विक्रोळी, कांजूर, चांदिवलीपासून मंडळं येतात, आणि त्या रात्री आदि शंकराचार्य मार्गावर पवई कुणा एकाची राहत नाही.

रोजच्या सकाळी दुसरी पवई दिसते. कांजूरमार्ग स्टेशनाबाहेर शेअर रिक्षांची रांग लागते. फुलेनगर, मिलिंदनगर, गोखलेनगर, जयभीमनगर अशा वस्त्यांमधून बायका घरकामाला निघतात. चार घरची धुणीभांडी, एका घरचा स्वयंपाक, दुपारी पोरांना शाळेतून आणायचं आणि संध्याकाळी पुन्हा दोन घरं. सोसायटीच्या गेटवर त्यांच्या ओळखपत्राची नोंद होते, पिशवी तपासली जाते. वॉचमन, ड्रायव्हर, लिफ्टवाले, माळी, डिलिव्हरीची पोरं, सगळ्यांचा दिवस त्याच गेटमधून जातो. त्यांच्याशिवाय या मनोऱ्यांचा एक दिवस चालणार नाही हे इथल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. लॉकडाऊनच्या काळात ते सगळ्यांनी अनुभवलं. पण 'आमच्या मावशी कुठं राहतात' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत 'इथंच कुठंतरी मागे' यापुढे जात नाही.

६ जून २०२४ रोजी महापालिकेनं पोलीस बंदोबस्तात जयभीमनगरच्या सहाशेहून अधिक झोपड्या पाडल्या. १ जून ते ३० सप्टेंबर या पावसाळ्याच्या काळात झोपड्या पाडू नयेत असा शासनाचाच निर्णय आहे. बांधकाम मजूर आणि घरकामगारांची ही वस्ती. घरं गेल्यावर कुटुंबं शेजारच्या पदपथावर, प्लास्टिकच्या आडोशाखाली राहिली. लहान मुलांची वह्या-पुस्तकं भिजली, शाळा बुडाली. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं तपासासाठी विशेष पथक नेमायला लावलं. त्या जमिनीची मालकी, वस्तीचा इतिहास, कुणाला किती हक्क, हे न्यायालयांनी ठरवायचे प्रश्न आहेत. पण ज्या उपनगराच्या मूळ करारात ४३० चौरस फुटांची हजारो घरं लिहिलेली होती, त्याच उपनगराच्या पदपथावर त्याच उपनगरात काम करणारी माणसं ऐन पावसात बसलेली होती. हे पाहून मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. करारातल्या छोट्या घरांत या प्रत्येक कुटुंबाला जागा मिळाली असती असं मी म्हणत नाही. मध्यमवर्गासाठीची घरं होती ती. पण छोट्या घरांचा साठा असला की जुन्या चाळी, भाड्याच्या खोल्या खालच्या वर्गासाठी मोकळ्या होतात. तो साठाच नसला की सगळे खाली सरकतात आणि शेवटचा माणूस नाल्याकाठी जातो.

आणि पुन्हा तलाव

नाल्याकाठचं सांडपाणी कुठं जातं? तलावात. महापालिकेच्याच हिशोबानं दररोज सुमारे १८ दशलक्ष लीटर सांडपाणी पवई तलावात येत होतं. त्यातलं काही मलनिस्सारण वाहिन्या नसलेल्या वस्त्यांचं, काही पर्जन्यवाहिन्यांत सोडलेलं. या सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर जलपर्णी पोसते. तिचा हिरवा थर पाण्यावर पसरला की खाली प्रकाश आणि प्राणवायू कमी होतो, मासे मरतात, गाळ साचत जातो. दरवर्षी यंत्रं लावून जलपर्णी काढली जाते आणि काही महिन्यांत ती परत येते, कारण तिचं खाद्य थांबलेलं नसतं. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेखाली दोन हजार सालानंतर इथं जैविक उपचारांचे प्रयत्नही झाले. सांडपाणी चालूच राहिलं, त्यामुळे त्यांचा परिणाम टिकला नाही.

तलाव खराब व्हायला झोपड्या जबाबदार, हे उच्चभ्रू सोसायट्यांच्या बैठकांतलं नेहमीचं वाक्य आहे. त्यात अर्धंच सत्य आहे. वस्तीला मलवाहिनी मिळत नाही, कारण वस्ती अधिकृत नाही. आणि अधिकृत घर तिथल्या माणसाला परवडेल अशा आकाराचं आणि किमतीचं बांधलंच गेलं नाही. म्हणून १९८६ च्या करारातला ४० चौरस मीटरचा आकडा आणि आजची जलपर्णी यांचा संबंध मला दूरचा वाटत नाही.

मध्यंतरी महापालिकेनं तलावाभोवती साडेदहा किलोमीटरचा सायकल आणि जॉगिंग ट्रॅक करायचं ठरवलं. जाळीत दगड भरून ते पाण्याच्या काठावर रचण्याचं तंत्र वापरलं जाणार होतं आणि पाण्याला धक्का लागणार नाही असा दावा होता. आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी आणि पर्यावरणासाठी काम करणाऱ्यांनी त्याविरुद्ध याचिका केल्या. मगरी ज्या काठावर ऊन खात पडतात, अंडी घालतात, तोच काठ भरावाखाली जाणार होता. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं हा प्रकल्प बेकायदा ठरवून झालेलं काम काढून टाकायला आणि काठ पूर्ववत करायला सांगितलं. पवईच्या समाजाबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो या लढ्यामुळे. ट्रॅक झाला असता तर काठच्या फ्लॅटचे भाव वाढले असते, आणि तरीही इथले अनेक रहिवासी विरोधात उभे राहिले.

पवईचं पाणी पवईत राहतही नाही. तलाव भरून वाहू लागला की ते मिठीत उतरतं, पुढे विहारच्या पाण्याला मिळून साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल करत माहीमच्या खाडीला जातं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीकाठच्या कुर्ल्यानं जे सोसलं ते सगळ्यांना आठवतं. गाळानं उथळ झालेला तलाव कमी पाणी धरतो आणि लवकर वाहू लागतो. वरच्या काठावर राहणाऱ्यांच्या निष्काळजीपणाची किंमत खालच्या काठावरची माणसं मोजतात. म्हणून पवई तलाव हा फक्त पवईकरांचा विषय मानू नये.

आता उपनगर आणखी दाटणार आहे. एल अँड टीच्या आवारात जिथं यंत्रं बनत तिथं निवासी मनोरे आलेत, आणि जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर मेट्रो ६ चे खांब उभे आहेत. सांडपाणी वळवण्याचं आणि शुद्ध करण्याचं काम महापालिकेनं हाती घेतलं आहे. त्यात मोठ्या संकुलांच्या वाहिन्या जोडणं सोपं आहे. अवघड भाग वस्त्यांचा आहे, कारण तिथं गल्ली तीन फुटांची असते आणि जमिनीचा वाद न्यायालयात असतो. वस्ती अधिकृत की अनधिकृत हा निकाल लागेपर्यंत थांबायचं ठरलं तर आणखी पंचवीस वर्षं जातील. मालकीचा हक्क मान्य न करताही तिथं मलवाहिनी टाकता येते, शौचालयं त्या वाहिनीला जोडता येतात. कामाची सुरुवात त्या गल्ल्यांपासून व्हावी. आणि तलावाकाठच्या सोसायट्यांनी महापालिकेकडे सुशोभीकरणाची मागणी करण्याआधी ही मागणी करावी, कारण त्यांच्या पत्राला उत्तर मिळतं, फुलेनगरच्या पत्राला मिळत नाही.